सूत्रकृमींची जातिनिश्चिती

सूत्रकृमींची जातिनिश्चिती : शरीराची ठेवण आणि डीएनएमधील घटकांचा क्रम या दोहोंच्या आधारे सूत्रकृमीची जाती ठरविण्याची पद्धत. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘निमॅटोड’ म्हणून येणारे हे कृमी बहुधा दोऱ्यासारखे, पारदर्शक आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असतात. त्यांच्या पंचवीस हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले असले, तरी त्यांतील कित्येक जाती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, केवळ रूपावरून निर्णय देणे धोक्याचे ठरते.

मुळांवर गाठी आणणाऱ्या मेलॉयडोगायनी वंशात ही अडचण विशेष जाणवते. या वंशाची मादी पांढरी, नासपतीच्या आकाराची असून ती मुळातील गाठीत एकाच जागी राहते. गाठ सुईने उकलून मादी बाहेर काढतात, तिचा मागचा भाग कापून आतील पेशी साफ करतात आणि राहिलेला त्वचेचा तुकडा ग्लिसरिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा योनिमुख व गुदद्वार यांभोवती बोटाच्या ठशासारखी वलये दिसतात. १९४९ मध्ये चिटवुड यांनी या वंशातील जातींची जी मांडणी केली, तीत या ठशाला महत्त्वाचे स्थान मिळाले. इन्कॉग्निटा जातीत ठशाची वरची कमान उंच व चौकोनी असते, जावानिकात दोन्ही बाजूंना ठळक रेघा दिसतात, तर हॅप्लात शेपटीच्या टोकाजवळ बारीक ठिपके असतात.

मात्र ठसा एकाच जातीतही बदलतो. एंटेरोलोबी ही जाती १९८३ मध्ये चीनच्या हाइनान बेटावरून वर्णिली गेली. तिचा ठसा इन्कॉग्निटासारखा असल्याने दोहोंत गल्लत होत राहिली. १९८८ मध्ये प्वेर्तो रिकोतील वांग्यावरून मायाग्वेन्सिस ही जाती स्वतंत्र म्हणून नोंदली गेली. पुढे मूळ नमुन्यांची शरीररचना, विकरांचे पट्टे आणि डीएनए हे तिन्ही ताडून पाहिल्यावर मायाग्वेन्सिस म्हणजे एंटेरोलोबीच, असे २०१२ मध्ये ठरले आणि जुने नाव कायम राहिले.

डीएनए हाही स्वयंपूर्ण पुरावा नव्हे. इन्कॉग्निटा, जावानिका व अरेनारिया या जाती नराच्या फलनावाचून वाढतात, त्यांची उत्पत्ती संकरातून झालेली आहे आणि त्यांचे रायबोसोमी जनुक जवळजवळ सारखे आहेत. म्हणून इतर प्राण्यांत उपयोगी पडणारा ‘बारकोड’ जनुकखंड येथे फारसा भेद दाखवीत नाही, व त्याऐवजी तंतुकणिकेतील अन्य जनुकखंड किंवा जातिविशिष्ट पीसीआर चाचण्या वापराव्या लागतात. शिवाय संगणकीय जनुकसंग्रहात चुकीच्या नावाने दाखल झालेला क्रम पुढच्या प्रत्येक तुलनेत तीच चूक उतरवतो. कृमी कुटून डीएनए काढला की शरीर उरत नाही, म्हणून आधी छायाचित्रे व मोजमापे घेणे आणि शक्य तेथे त्याच मादीचा ठसा काचपट्टीवर जपून ठेवणे, हा क्रम अनिवार्य मानला पाहिजे.

हा भेद बागेत मोलाचा ठरतो. टोमॅटोच्या अनेक वाणांत असलेला एमआय हा प्रतिकार-जनुक इन्कॉग्निटाला रोखतो, पण एंटेरोलोबीला रोखू शकत नाही, आणि भारतात पेरूवर हीच जाती आढळली आहे. नुसत्या मातीत बहुधा पिल्लेच मिळतात, मादी नाही; म्हणून पेरूच्या किंवा डाळिंबाच्या बागेतून नमुना पाठवताना मातीबरोबर गाठी असलेली ताजी तंतुमुळेही पाठवावीत.