श्वासाचे कुलूप

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या पुतण्याकडे दीड महिना राहून आलो. पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी तो मला गाडीतून बाहेर घेऊन निघाला. गाडी सुरू करण्याआधी त्याने स्टिअरिंगशेजारून टीव्हीच्या रिमोटएवढे एक काळे यंत्र काढले. त्याला टेलिफोनसारखी गुंडाळ्यांची वायर होती. त्याने यंत्राची नळी तोंडात धरली आणि काही सेकंद जोर लावून फुंकले. यंत्र वाजले, मग गाडी सुरू झाली. थोडे अंतर गेल्यावर ते पुन्हा वाजले, त्याने पुन्हा फुंकले. मी काहीच विचारले नाही. शेवटी तोच म्हणाला, "काका, आईला सांगू नका."

आधीच्या हिवाळ्यात एका मेजवानीहून परतताना पोलिसांनी त्याला थांबवले होते. कोणाला इजा झाली नव्हती, पण रक्तातले अल्कोहोल ०.०८ टक्क्यांच्या वर भरले. दंड झाला, परवाना काही काळ गेला, आणि परवाना परत मिळाला तो या यंत्राच्या अटीवर. यंत्राचे नाव 'इग्निशन इंटरलॉक'. श्वासात ठरावीक मर्यादेहून अधिक अल्कोहोल असेल तर ते इंजिन सुरूच होऊ देत नाही.

मी चाळीस वर्षे जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली. दारूबंदी कायद्याखालच्या आरोपींसाठी किती वेळा उभा राहिलो, याची गणती नाही. दंड पाहिला, कैद पाहिली, चांगल्या वर्तनाचा जामीनही पाहिला. पण शिक्षा माणसाला आणि कुलूप गाडीला, असा प्रकार मी प्रथमच पाहत होतो. पुतण्या कामावर गेला की मी जवळच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. हे कुलूप आले कुठून, हे मला जाणून घ्यायचे होते.

वासापासून आकड्यापर्यंत

दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल झालेली पहिली अटक म्हणून लंडनच्या जॉर्ज स्मिथ या टॅक्सीचालकाचे नाव घेतले जाते. १० सप्टेंबर १८९७ रोजी त्याने विजेवर चालणारी टॅक्सी एका इमारतीवर आदळली. त्याने गुन्हा कबूल केला आणि २५ शिलिंग दंड भरला. कबुली मिळाली की न्यायालयाचे काम सोपे होते. कबूल न करणाऱ्याचे काय करायचे, हा खरा प्रश्न.

आम्हा वकिलांना हा प्रश्न पेसिकाका खटल्यामुळे ठाऊक आहे. २९ मे १९५१ च्या रात्री मुंबईत कुलाब्याला एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे गृहस्थ परिवहन खात्यातलेच अधिकारी होते. डॉक्टरांनी तपासणीत नोंदवले की तोंडाला दारूचा वास येतो, डोळे लालसर आहेत. पण बोलणे सुसंगत आहे आणि आरोपी सरळ रेषेत चालू शकतो. बचाव असा की अल्कोहोल असलेले टॉनिक घेतले होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दारूबंदीच्या आरोपातून मुक्त केले. वास आला एवढ्यावर भागत नाही, तो बंदी असलेल्या दारूचाच होता हे सरकार पक्षाने सिद्ध केले पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ. पुढे १९५९ मध्ये कायद्याच्या कलम ६६ मध्ये दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक अल्कोहोल सापडले, तर ते औषधातले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली. नाकाची जागा आकड्याने घेतली ती अशी.

अमेरिकेत हाच बदल वीस वर्षे आधी झाला होता. इंडियाना विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात 'ड्रंकोमीटर' तयार केला. संशयिताने फुग्यात फुंकायचे आणि ती हवा पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावातून सोडायची. अल्कोहोलने द्रावाचा रंग उडतो. रंग उडायला किती हवा लागली, यावरून प्रमाण काढायचे. १९३९ साली इंडियाना राज्याने कायद्यात आकडा घातला, तो ०.१५ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या आजच्या मर्यादेच्या पाचपट.

फुगा रस्त्यावर सांभाळणे जिकिरीचे होते. त्याच राज्याच्या पोलीस दलातले रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये 'ब्रेथलायझर' बनवला. त्यात रंगबदल माणसाच्या डोळ्याने नव्हे, प्रकाशविद्युत घटाने मोजला जाई. सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल तेवढे १ मिलिलिटर रक्तात, हे गणित त्यामागे होते. नंतर बोर्कनस्टाइन यांनी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात अपघातात सापडलेल्या आणि न सापडलेल्या हजारो चालकांच्या श्वासाची तुलना केली. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ०.०८ टक्क्यांच्या पुढे अपघाताचा धोका झपाट्याने चढत जातो, असे दिसले. १९६७ मध्ये ब्रिटनने बार्बरा कॅसल परिवहनमंत्री असताना हाच ०.०८ चा आकडा कायद्यात घेतला.

इथपर्यंत यंत्र हा साक्षीदार होता. गुन्हा घडून गेल्यावर तो काय ते सांगे.

सगळ्यांसाठी कुलूप, आणि त्याचा पाडाव

साक्षीदाराला पहारेकरी करण्याचा पहिला प्रयत्न श्वासावर आधारलेला नव्हता. १९६९ च्या सुमारास बोर्ग-वॉर्नर या कंपनीने चालकाचे कौशल्य तपासणारे कुलूप तयार केले. जनरल मोटर्सच्या यंत्रात काही आकडे क्षणभर दिसत. ते आठवून ठरलेल्या वेळात बटणे दाबली तरच गाडी सुरू होई. अडचण उघड होती. परीक्षा सोपी ठेवली तर सराईत पिणारा पास होतो, अवघड केली तर थकलेला शुद्धीवरचा माणूस नापास होतो.

त्याच काळात 'इंटरलॉक' हा शब्दच बदनाम झाला, आणि तोही दारूमुळे नव्हे. अमेरिकी सरकारच्या नियमानुसार १९७४ च्या मॉडेलच्या मोटारी पुढच्या सीटवरच्यांनी पट्टा बांधल्याशिवाय सुरू होत नसत. शेजारच्या सीटवर वाणसामानाची पिशवी ठेवली किंवा कुत्रा बसला, तरी गाडी हटून बसे. लोक इतके भडकले की काँग्रेसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा करून अशी सक्ती करण्याचा अधिकारच वाहतूक सुरक्षा खात्याकडून काढून घेतला. पट्टा जीव वाचवतो हे कोणी नाकारत नव्हते. माझी गाडी मलाच अडवते, हे त्यांना सहन झाले नाही.

पुढच्या इतिहासाची किल्ली मला इथे सापडली. सगळ्यांना लावायचे कुलूप लोकांनी झुगारले. मग ते अशा माणसाला लावायचे ठरले, ज्याला तक्रार करण्याचे तोंड उरलेले नाही.

दोषी ठरलेल्यांसाठी कुलूप

३ मे १९८० रोजी कॅलिफोर्नियात कॅरी लाइटनर ही तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत असताना मोटारीखाली सापडून मेली. चालक प्यायलेला होता, आणि याच गुन्ह्यासाठी त्याआधीही दोषी ठरलेला होता. तिची आई कँडेस हिने 'मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग' ही संघटना काढली. परवाना जप्त केला तरी माणूस गाडी चालवतोच, हे या संघटनेने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणले.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियानेच चार काउंट्यांत दोषी चालकांच्या गाडीत श्वासाचे कुलूप बसवण्याचा प्रयोग कायद्याने सुरू केला. सुरुवातीची यंत्रे भोळी होती. सिगारेटच्या धुरानेही त्यांचा घोटाळा होई, आणि फुग्यात भरून ठेवलेली हवा सोडून त्यांना फसवता येई. मग अल्कोहोलच तेवढे ओळखणारे फ्यूएल सेलचे संवेदक आले. काही यंत्रांत फुंकताना घशातून हुंकार काढावा लागतो. फुग्याला हुंकार देता येत नाही. मित्राला फुंकायला लावून गाडी सुरू करणाऱ्यांसाठी चालत्या गाडीतली फेरतपासणी आली. तीत नापास झाल्यावर इंजिन बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात ते धोक्याचे. भोंगा वाजू लागतो, दिवे लुकलुकतात आणि नोंद होते. १९९२ मध्ये केंद्रीय खात्याने यंत्रांसाठी नमुना मानके ठरवली.

२००५ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्यांनाही यंत्र सक्तीचे केले. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिअँड्रा रोसाडो ही अकरा वर्षांची मुलगी प्यायलेल्या बाईच्या गाडीतून जाताना अपघातात गेली. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा काही आठवड्यांतच मंजूर झाला आणि ऑगस्ट २०१० पासून राज्यात यंत्राची अट लागू झाली. माझा पुतण्या फुंकतो तो या मुलीच्या कायद्याखाली. त्याच्या यंत्राची मर्यादा ०.०२५ टक्के आहे. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. लिअँड्राचे नाव त्याने ऐकले होते, वय ऐकले नव्हते.

कुलूप आहे तोवर

या यंत्राचा उपयोग होतो का? बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र बसवलेले असताना त्याच गुन्ह्यात पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण साधारण दोनतृतीयांशाने घटते, असे त्यात आढळले. फौजदारी कायद्यात एवढे यश मी दुसऱ्या कुठल्या उपायाला मिळालेले पाहिले नाही. पण त्याच अभ्यासांचे दुसरे वाक्यही वाचले पाहिजे. यंत्र काढले की हा फरक उरत नाही. माणसे जवळजवळ पूर्वीच्याच प्रमाणात पुन्हा पकडली जातात.

शिवाय आदेश झालेल्यांपैकी अनेक जण यंत्र बसवतच नाहीत. कोणी आपल्याकडे गाडीच नाही म्हणतो, कोणी बायकोची गाडी चालवतो. यंत्राचे भाडे चालकानेच भरायचे असते. पुतण्याला ते महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास पडते. त्याला ते परवडते. रोजंदारीवरच्या माणसाला तेच जड जाते.

वकील म्हणून मला हे आकडे ओळखीचे वाटले. आपण आरोपीला सोडवतो किंवा त्याला शिक्षा होते, फाइल बंद होते. सवयीची फाइल कोणी उघडलेलीच नसते.

पुन्हा सगळ्यांसाठी?

आता चक्र फिरून १९७४ पाशी आले आहे. नव्या प्रकारच्या मोटारींत गरज पडल्यास असे कुलूप जोडता येईल अशी सोय हवी, असा युरोपीय संघाचा नियम जुलै २०२२ पासून लागू झाला. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात, प्यायलेला चालक गाडीने स्वतःच ओळखावा असे तंत्रज्ञान नव्या मोटारींत आणण्यासाठी नियम करण्याचा आदेश वाहतूक सुरक्षा खात्याला दिला आहे. नळीत फुंकायचे नाही, चालकाच्या आसपासच्या हवेवरून किंवा बोटाच्या स्पर्शावरून गाडीने ओळखायचे, असे प्रयोग चालू आहेत. नळी नसेल तर लोकांना अपमान वाटणार नाही, अशी त्यांच्या कर्त्यांची आशा दिसते.

आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ रक्तातील ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालते आणि २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. श्वास तपासणारे यंत्र या कलमात आहे, पण ते पोलिसाच्या हातात. मुंबईत २००७ पासून नाकाबंदीत ते सर्रास दिसू लागले. आपल्याकडे यंत्र अजून साक्षीदारच आहे, आणि साक्षीदार नाक्यावर उभा असेल तरच साक्ष देतो. रस्ता बदलणाऱ्यांची वाट कोण अडवणार?

निघण्याच्या आदल्या रात्री मी पुतण्याला अभ्यासातले ते दुसरे वाक्य वाचून दाखवले. तो म्हणाला, "काका, आता शनिवारी कोणी ग्लास पुढे केला की मी सांगतो, गाडीत यंत्र आहे. मग कोणी आग्रह करत नाही. यंत्र गेल्यावर काय सांगू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो की त्याने ही गोष्ट आपल्या आईला सांगावी, आणि ती त्याने स्वतः सांगावी. जूनमध्ये त्याने सांगितली. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला.

येत्या जानेवारीत त्याचे यंत्र निघेल. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, त्याच्याकडे संध्याकाळ होते तेव्हा आमच्याकडे पहाट असते, मी गजर लावून उठणार आहे आणि त्याला फोन करणार आहे.