'लिटरेट' म्हणजे नेमका कोण?

'लिटरेट' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ शब्दकोशात अगदी साधा दिलेला असतो : लिहिता-वाचता येणारा. आपण त्याला 'साक्षर' म्हणतो. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांची घडण सारखीच आहे. लॅटिनमधल्या 'लित्तेरा', म्हणजे अक्षर, या शब्दावरून 'लिटरेट' आला. आणि अक्षरांसह असलेला तो आपला 'साक्षर'. पण कोणती अक्षरे आणि किती, हे मात्र प्रत्येक काळाने आपापल्या सोयीने ठरवले.

मध्ययुगीन युरोपात लिटरेट म्हणजे लॅटिन जाणणारा. घरची भाषा उत्तम वाचणारा व्यापारीही त्यात बसत नसे. लॅटिन ही चर्चची भाषा, त्यामुळे 'लिटरेट' आणि 'धर्मगुरू' हे जवळजवळ एकाच अर्थाचे शब्द झाले. त्यातून इंग्लंडमध्ये एक विलक्षण प्रथा रुजली. धर्मगुरूने गुन्हा केला तर खटला चर्चच्या न्यायालयात चाले आणि तिथे फाशी नसे. पण तो धर्मगुरू आहे हे ओळखायचे कसे? त्याला बायबलमधला उतारा वाचायला देऊन! पुढे चर्चशी संबंध नसलेले, पण वाचता येणारे लोकही या सवलतीने सुटू लागले. वाचायला बहुतेक वेळा ५१ वे स्तोत्र देत, म्हणून अक्षरशत्रू गुन्हेगार ते चक्क पाठ करून ठेवत. प्रसिद्ध नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ मध्ये द्वंद्वात एका नटाला ठार केले, आणि तो याच सवलतीमुळे वाचला. फक्त अंगठ्यावर डाग घेऊन. वाचनाची ही परीक्षा १७०६ मध्ये बंद झाली आणि सवलतच १८२७ मध्ये रद्द झाली. तोवर कित्येकांच्या बाबतीत लिटरेट असणे म्हणजे अक्षरशः जीव वाचणे होते.

इंग्रजांबरोबर हा शब्द भारताच्या जनगणनेत आला. १८८१ आणि १८९१ च्या जनगणनेत माणसांचे तीन गट केले होते : शिकत असलेले, लिटरेट आणि इल्लिटरेट. १९११ मध्ये एक सुरेख कसोटी ठरली : मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. आजची व्याख्या म्हणते, वय सात वर्षे किंवा अधिक, आणि कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणे. १९५१ मध्ये देशात साक्षर होते सुमारे १८ टक्के, २०११ मध्ये सुमारे ७३ टक्के. मधल्या काळात वयाची अट बदलली हे धरूनही ही मजल मोठीच आहे.

मात्र अक्षर नाही म्हणून ज्ञान नाही, असे कधीच नव्हते. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर सुचलेली त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. जनगणनेच्या रकान्यात त्या निरक्षर. मराठी कवितेत त्यांचे स्थान काय, हे सांगायला नको. पण हेही विसरू नये की घरात कोणी तरी साक्षर होते, म्हणूनच ती गाणी आपल्यापर्यंत पोचली.

आता आपल्या घरांकडे वळू. परदेशात वाढणारी आपली मुले इंग्रजीत पटाईत, कम्प्युटर लिटरेट तर जन्मतःच! 'कोणत्याही एका भाषेत' या व्याख्येने ती साक्षर आहेतच. यातली बरीचशी मराठी बोलतात, निदान समजतात तरी. पण १९११ ची ती पत्राची कसोटी मराठीपुरती लावली तर? आजीचे पत्र हाती आले की ते आई-बाबांकडे वाचायला जाते, आणि उत्तरही आई-बाबाच लिहितात.

यावर उपाय फार अवघड नाही. या दिवाळीला मुलांकडून आजीला मराठीत चार ओळींचे पत्र लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होऊ देत. आणि उत्तर आले की ते त्यांनाच उघडू द्या, त्यांनाच वाचू द्या.