आज्ञावली-संपादकातील कळसंयोगांचा संघर्ष : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
आज्ञावली लिहिताना कंट्रोल-सी दाबावे आणि मजकुराची प्रत होण्याऐवजी भलतेच काही घडावे, हा अनुभव अनेकांना येतो. त्याचे खापर बहुधा वापरकर्त्याच्या अज्ञानावर फुटते. वस्तुतः या गोंधळाची मुळे इतिहासात आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा शोध घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
टेलिटाइप यंत्रांच्या काळात कंट्रोल-एसने मजकुराचा प्रवाह थांबे व कंट्रोल-क्यूने तो पुन्हा सुरू होई. युनिक्सच्या टर्मिनलने हा संकेत जपला. म्हणूनच तेथे ‘सेव्ह’ करण्याच्या सवयीने कंट्रोल-एस दाबल्यास पडदा गोठल्यासारखा भासतो. १९७६ मध्ये एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन व सहकाऱ्यांनी ईमॅक्स हा संपादक घडविला. त्यात कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-सी हे अन्य आज्ञांचे उपसर्ग ठरले. ‘कट-कॉपी-पेस्ट’ची कल्पना मात्र झेरॉक्स पार्क येथे लॅरी टेस्लर यांच्या कार्यातून रुजली. ॲपलच्या लिसा संगणकाने (१९८३) त्यासाठी एक्स, सी, व्ही या कळा निवडल्या. पुढे विंडोजने त्या कंट्रोलशी जोडल्या. अशा रीतीने एकाच कळसंयोगावर दोन परंपरांचा हक्क निर्माण झाला.

संघर्षाचे स्वरूप :
दाबलेली कळ संपादकाच्या आज्ञेपर्यंत पोहोचण्यापूर्वी कार्यप्रणाली, कळफलक-मांडणी आणि जोड-आज्ञावली यांपैकी कोणताही स्तर तिचा अर्थ बदलू शकतो. मराठी वापरकर्त्याला याचा वेगळा प्रत्यय येतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत सी या कळेवर ‘म’ आहे. लिनक्सवर ही मांडणी सुरू असताना ईमॅक्सला कंट्रोल-सीऐवजी कंट्रोल-म मिळतो व आज्ञा निष्फळ ठरते. ईमॅक्समधील अंगभूत देवनागरी टंकनपद्धती वापरल्यास ही अडचण येत नाही.

उपाययोजना :
एक्लिप्सच्या कळ-मांडणी पृष्ठावर परस्परविरोधी संयोग दर्शविले जातात. २०१५ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये कळ-नियमांची यादी खालून वर तपासली जाते. प्रथम जुळणारा नियम लागू होतो. दाबलेल्या कळेचा अर्थ कसा लावला गेला, याची नोंद पाहण्याचीही तेथे सोय आहे. म्हणून प्रथम कळफलकाची भाषा, नंतर कार्यप्रणालीने राखून ठेवलेले संयोग, मग जोड-आज्ञावली बंद करून पाहणे आणि अखेरीस संपादकातील नियम बदलणे, हा क्रम उचित ठरतो.

निष्कर्ष :
कळसंयोगांतील बिघाड हा बहुतेक वेळा भिन्न काळांतील संकेतांचा संघर्ष असतो. संगणक-प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी, त्याने दाबलेली कळ कोणत्या स्तरावर अडली, हे तपासणे अधिक न्याय्य होय.