करवतीला जोर कुठून? कोयत्यापासून चार्जिंगच्या चेनसॉपर्यंत



पावसाळा तोंडावर आला की गाडीत ठेवायचं सामान काढतो आपण. दोर, टॉर्च, फावडं, कोयता. दोन-चार वर्षांत या यादीत एक नवीन वस्तू आली आहे, चार्जिंगवर चालणारी छोटी चेनसॉ. कच्च्या रस्त्याने शेतावर जाणारे बरेच जण विचारतात, कुठली घ्यावी? माझं म्हणणं, आधी करवतीचा इतिहास बघा. निवड आपोआप सोपी होते.

आमच्या कोलशेतात आता शेतापेक्षा टॉवर जास्त. पण ठाणे जिल्ह्याची जुनी भातशेती झाडाच्या फांदीवर उभी होती, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. दाढ भाजायची म्हणजे राब हवा. ऐनासारख्या झाडांचा टाहाळ तोडायचा, त्यावर शेण, पाचोळा, गवत, माती घालून उन्हाळ्यात जाळायचा, मग त्यात भाताचं बी टाकायचं. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये या राबाची माहिती आहे. या कामाला हत्यार एकच, कोयता. मनगटाएवढी फांदी, त्याच्यापेक्षा जाड काही तोडायचंच नसायचं. झाड जिवंत ठेवून फांदी घ्यायची, पुढच्या वर्षी परत फुटायची.

जाड लाकूड हे वेगळ्या माणसांचं काम. रेल्वे १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली. देशभर रूळ पसरले तशी स्लीपरना लाकडाची मागणी वाढली. १८६४ ला सरकारचं जंगल खातं निघालं, १८७८ ला कडक जंगल कायदा आला. राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या आणि राबाला टाहाळ तोडणं हाच वादाचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की मुंबई सरकारला १८८५ ला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ ला आला. म्हणजे कोणी काय तोडायचं, किती जाड तोडायचं, हे भांडण आपल्याकडे यंत्राच्या आधीचं आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

मोठा ओंडका फाडायला दोघांची करवत. खड्ड्यावर ओंडका आडवा, एक माणूस वर, एक खाली. वरचा रेघ सांभाळणार, खालचा भुसा खात ओढणार. जोर दोन माणसांच्या दंडातून. जेवढी भाकरी तेवढी कापणी.

यंत्र आलं तिकडे युरोपात. साखळीला दात लावायची कल्पना मुळात डॉक्टरांची. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हाड कापायला हाताने फिरवायची साखळी-करवत केली. लाकडासाठी आंद्रेआस श्टील याने १९२६ ला विजेवर चालणारी चेनसॉ केली. वजन पन्नास किलोच्या घरात, धरायला दोन माणसं. म्हणजे वायरची विजेची करवत पहिल्यापासून होतीच, बॅटरीवालीला आपण उगाच नवल समजतो. अडचण अशी की जंगलात वीज कुठे? म्हणून लगेच पेट्रोलचं इंजिन बसलं. १९५० ला श्टीलची एका माणसाने धरायची पेट्रोल चेनसॉ आली, तीही १६ किलोची. १९५९ पर्यंत ती १२ किलोवर उतरली.

मधे एक गंमत झाली. अमेरिकेतला जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या १९४६ ला एका बुंध्यात भुंग्याची अळी बघत बसला. ती अळी डावी-उजवीकडे तोंड फिरवत सरळ लाकूड पोखरत होती. त्यावरून त्याने १९४७ ला चेनचा नवा दात काढला. एक दात डावीकडे, एक उजवीकडे. आज आपल्या चेनवर जे वाकडे दात दिसतात ते त्याच घराण्यातले.

बॅटरीची गोष्ट उशिराची. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ ला, सोनी कंपनीची. तिच्यामागच्या शोधाबद्दल २०१९ ला गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना नोबेल मिळालं. ड्रिल मशीन, मोबाईल आणि मग करवत. इतिहासाचं सार एवढंच की दात फारसे बदलले नाहीत, जोर कुठून आणायचा हेच दरवेळी बदललं. दंड, वायर, पेट्रोल, बॅटरी. म्हणून करवत निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा नाही. जोर संपला की रस्त्यात तो परत कुठून भरणार, हा पहिला प्रश्न.

याचं उत्तर कोकणाने ३ जून २०२० ला दिलं. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. नारळ, पोफळी, आंबा आडवे. रस्ते झाडांनी बंद आणि विजेचे खांब झाडांखाली. काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबई-ठाण्यातही झाडं पडली. अशा वेळी गाडी अडली की दवाखान्याचा पेशंट अडतो, दूध अडतं, भाजी अडते. आणि नेमकी त्याच वेळी घरातली वीज गेलेली असते. चार्जिंगची करवत घेणाऱ्याने हा दिवस डोळ्यापुढे ठेवूनच घ्यावी.

आता हिशोब. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-अवर. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९००० वॉट-अवर असतात. कागदावर शंभर बॅटऱ्या! इंजिनात त्यातला मोठा भाग उष्णता होऊन जातो, तरी पेट्रोल पुढेच. पण पेट्रोलच्या करवतीला ऑइल मिसळलेलं ताजं इंधन लागतं. सहा महिने गाडीत पडून राहिली की कार्ब्युरेटर चिकटतो, आणि बंद गाडीत पेट्रोलचा वास वेगळाच. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या वस्तूला बॅटरी बरी. रोज लाकूड कापायचं असेल तर पेट्रोलच.

आता निवडीचे मुद्दे.

पट्टी: ४ ते ६ इंचाची मिनी करवत मनगटाएवढ्या फांदीची, म्हणजे कोयत्याचं काम. रस्त्यात पडलेली मांडीएवढी फांदी कापायला १० ते १२ इंच पट्टी हवी. अख्खा गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष आडवा असेल तर ते आपलं काम नव्हे, अग्निशमन दलाला बोलवा.

बॅटरी: दोन घ्या. डब्यावरचा मोठा व्होल्टचा आकडा बघून भुलू नका. १८ आणि २० व्होल्ट मॅक्स ही एकच वस्तू, पाच सेल ओळीने. वॉट-अवर विचारा. फवारणी पंप किंवा ड्रिल ज्या कंपनीचं आहे त्याचीच बॅटरी चालत असेल तर उत्तम.

चार्जिंग: गाडीची १२ व्होल्ट ६० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे ७२० वॉट-अवर. त्यातून करवतीची एक बॅटरी भरायला साधारण सातवा हिस्सा जातो. म्हणून इंजिन चालू ठेवूनच इन्व्हर्टरवर लावा. बंद गाडीत उन्हात बॅटरी ठेवू नका. ठेवणीतली असेल तर अर्धी भरलेली ठेवा, वादळाचा इशारा आला की पूर्ण भरा.

तेल: चेनला आपोआप तेल देणारी टाकी असलेली घ्या. स्वस्त मिनीत हाताने तेल सोडावं लागतं. विसरलं की पट्टी जळते. नारळाचा धागा चेनमध्ये अडकतो, माती लागलेला बुंधा दोन मिनिटांत धार घालवतो. कानस आणि एक जादा चेन सोबत हवीच.

ब्रेक: हातापुढची ब्रेकची पट्टी नसलेली १० इंचाची करवत फुकट मिळाली तरी घेऊ नये. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत तोंडाकडे उसळते. दोन्ही हात, बूट, चष्मा. वाकून ताणलेल्या फांदीला आधी दाबाच्या बाजूने थोडी खाच, मग ताणाच्या बाजूने काप. आणि झाडात विजेची तार दिसली तर करवत डिकीतच. महावितरणचा माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही.

कोयता मात्र गाडीतून काढू नका. त्याला चार्जिंग लागत नाही.

आता ते १८८५ चं भांडण. पेट्रोलची करवत ओरडते, अख्ख्या गावाला कळतं. बॅटरीची त्या मानाने गप. आमच्या खाडीकडेला तिवरं आहेत, मागे येऊरचं जंगल आहे. आवाज न करणारं हत्यार हातात आलं की जबाबदारी आपल्यावर येते. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष कायदा आहे, खाजगी शेतात साग, आंबा, खैर, ऐन अशा झाडांना १९६४ चा. रस्त्यातली आडवी फांदी बाजूला करणं वेगळं, उभं झाड पाडणं वेगळं. आपल्या आज्यांनी झाड राखून फांदी घेतली म्हणून दरवर्षी राब झाला. गाडीतली करवतही त्याच मापाची असू द्या. रस्ता मोकळा करण्यापुरती.