मेंढपाळाचा हिशेब

धर्माचा माणूस कसा असतो, हे लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या गावात कुणाला शिकवावे लागत नाही. काकडआरतीचे बुवा, विहारात वंदना घेणारे भंतेजी, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत पुढे बसणारे प्रचारक, महानुभावांचे महंत हे सारे इथल्या वाचकाच्या लहानपणापासूनच्या ओळखीचे. चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर तर आपल्या भंडाऱ्याचेच. त्यामुळे बायबलमधल्या समाजांचे धर्मपुढारी कोण होते, काय करत होते, हा विषय या वाचकाला परका वाटायचे कारण नाही.

मात्र बायबल पुढाऱ्याचा चमत्कार जितका सांगते, तितकाच त्याचा हिशेबही मागते. मोशे दिवसभर एकटाच न्यायनिवाडे करत बसतो, तेव्हा सासरा इथ्रो त्याला थांबवतो: तू थकशील, लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम (निर्गम 18). हा इथ्रो मिद्यानी याजक, म्हणजे बाहेरचा माणूस. शहाणपण परक्याच्या तोंडून आले आणि मोशेने ते मुकाट्याने घेतले, ही गोष्ट मला समुद्र दुभंगण्याहून कमी वाटत नाही. म्हातारा शमुवेल लोकांसमोर उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाकडून लाच खाल्ली? यहेज्केल तर कळप सोडून स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांवर अख्खा अध्याय खर्च करतो. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडायचे काम मंडळीवरच सोपवले. पौलाने करिंथात तंबू शिवून पोट भरले.

मराठी मुलखात या विषयाचा पहिला धडा ख्रिस्ती मंडळीत नव्हे, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंत सापडतो. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली शतकानुशतके रब्बीशिवाय जगले. परंपरा सांगते की दाविद राहाबी नावाच्या माणसाने त्यांच्यातल्या तिघांना शिकवून तयार केले. पुढे त्यांचे वंशज काजी म्हणून गावोगाव फिरून सुंता करत, लग्ने लावत आणि तंटे मिटवत राहिले. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 मध्ये बांधले तेही याजकाने नव्हे, कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल दिवेकर यांनी.

विदर्भापुरते बोलायचे तर स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. शाळा चालवणे, खडक आणि जीवाश्म गोळा करणे, गोंडांची गाणी टिपून घेणे, हे सारे त्यांनी उपदेशाच्या जोडीने केले. 1863 मध्ये टाकळघाटजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात वाहून गेले. उपदेशकाने दगडांत इतके का रमावे, असे कुणी विचारील. मला तो प्रश्नच कोता वाटतो.

खरी कसोटी पुढच्या पिढीची. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, पाळकपदाची दीक्षा 1904 ची. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. पाळकाला पगार कोण देतो आणि त्याला जाब कोण विचारतो, हे दोन प्रश्न एकच आहेत, हे त्यांनी ओळखले होते. केडगावात पंडिता रमाबाईंनी तर दीक्षा नाही, पद नाही, तरीही मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर पुरे करून 1922 मध्ये देह ठेवला. धर्मपुढाऱ्यांच्या याद्यांत त्यांचे नाव अनेकदा समाजसुधारकांच्या रकान्यात टाकले जाते. ते चूक आहे.

अभ्यास सुरू करताना मोठे ग्रंथ लगेच उघडू नका. आधी निर्गम 18 आणि यहेज्केल 34 वाचा, मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आणि जमल्यास जवळच्या मंडळीच्या पाळकांना भेटून विचारा, की जमाखर्च मंडळीपुढे कोण वाचतो.