जन्मापूर्वींचा इतिहास

इतिहास म्हणजे राजांच्या कारकीर्दी व लढायांच्या तारखा, अशी आपली शाळेपासूनची समजूत. जें मूल अद्यापि जन्मालाच आलें नाहीं त्याला कसला इतिहास, असें कोणीही सहज विचारील. परंतु हॉलंडमधील एका हिंवाळ्यानें या प्रश्नाचें विलक्षण उत्तर देऊन ठेविलें आहे.

सप्टेंबर १९४४ मध्यें आर्नहेमच्या रोखानें दोस्त सैन्याची चढाई सुरू झाली. तिला साह्य म्हणून, लंडनमध्यें आश्रयास असलेल्या डच सरकारच्या सांगण्यावरून तेथील रेल्वेकामगारांनीं संप पुकारला. जर्मनांनीं सूड म्हणून पश्चिम हॉलंडकडे जाणारें अन्नधान्य अडविलें. पुढें ती बंदी सैल होते तों कालवे गोठले! नोव्हेंबरअखेर माणशीं दररोजचा शिधा १००० कॅलरींखालीं आला आणि पुढें कांहीं महिने ४०० ते ८०० च्या दरम्यान राहिला. ट्युलिपचे कांदे खाण्याची पाळी आली. मे १९४५ मध्यें सुटका होईपर्यंत २०,००० वर माणसें दगावलीं.

त्या घरांतून गर्भिणी स्त्रियाही होत्याच. सुदैवानें प्रसूतींच्या नोंदवह्या शाबूत राहिल्या. शेवटच्या तिमाहींत ज्यांच्या मातांची उपासमार झाली, तीं मुलें सरासरीनें सुमारें ३०० ग्रॅम हलकीं जन्मलीं. ज्यांच्या वाट्यास हा काळ गर्भवासाच्या आरंभीं आला, तीं वजनांत कमी नव्हतीं. परंतु पन्नाशीच्या सुमारास त्यांच्यांतच हृद्रोगाचें प्रमाण अधिक आढळलें. शरीर कांहीं विसरलें नव्हतें. उलट, लष्करभरतीस आलेल्या तरुणांची जी पाहणी १९७२ मध्यें प्रसिद्ध झाली, तींत बुद्धीला मात्र उणेपणा आलेला दिसला नाहीं.

हॉलंडांत भूक, थंडी आणि भय यांची वाटणी करतां येत नाहीं. भुकेवांचूनचें संकट जानेवारी १९९८ मध्यें कॅनडांतील क्वेबेक प्रांतावर आलें. गोठत्या पावसाच्या भारानें विजेचे खांब कोसळले. लक्षावधि लोक विजेवांचून राहिले, कित्येक तर अनेक आठवडे. त्या वेळीं गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा अभ्यास मॉंट्रियल येथील सुझॅन किंग व त्यांचे सहकारी यांनीं केला. आईला जितकी झळ अधिक, तितकी मुलांची भाषेची समज सरासरीनें कमी भरली. आईनें मनाला किती लावून घेतलें यापेक्षां तिनें प्रत्यक्ष किती हाल सोसले, याच्याशींच हा फरक अधिक जुळला.

'गर्भिणीनें आनंदी राहावें' असा उपदेश आपल्या घरांतून नेहमीं होतो. तो खोटा नव्हे. पण बहुधा भलत्याच व्यक्तीला केला जातो. मुलांत कांहीं उणें दिसलें कीं बोट आईकडे वळतें. डच मातांनीं धान्य अडविलें नव्हतें, कीं क्वेबेकच्या मातांनीं पाऊस पाडला नव्हता. अन्न, ऊब आणि निर्भयता तिला मिळवून देणें हें भोंवतालच्यांचें काम आहे. आपल्या भाषेला हें पूर्वींच उमगलें असावें. डोहाळे लागतात आईला. पुरवावयाचे असतात इतरांनीं.