कुलूप ठीक, पण किल्ली?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुळशी धरणात ज्यांची गावं गेली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांकडून ऐकलेल्या आठवणी मी काही वर्षांपासून लिहून काढतोय. टायपिंग जुन्या लॅपटॉपवर, एका बोटाने. तर हा लॅपटॉप अर्ध्या तासात तव्यासारखा तापायचा आणि वाक्य अर्धवट असतानाच बंद पडायचा. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो पुण्यात संगणक दुरुस्तीचं काम करतो.

त्यानं यंत्र सुरू होताना एक बटण दाबून सेटिंगचा तक्ता उघडला. त्यात तारीख, वेळ, पासवर्ड आणि आणखी दोन-चार गोष्टी. बस्स.

"सर, प्रोसेसरचा व्होल्टेज किंचित कमी केला असता तर तापणं कमी झालं असतं. ती सोय यात आहे, पण दिसत नाही."

"आहे आणि दिसत नाही? म्हणजे काय रे?"

"कंपनीनं लपवलीय. पूर्वी बाहेरून एका सॉफ्टवेअरने व्होल्टेज कमी करता यायचा. मधल्या एका अपडेटनं तेही बंद केलं."

आता आम्ही पडलो इतिहासाचे मास्तर. एखादं दार बंद दिसलं की ते कधी बंद झालं आणि कुणी केलं, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. थोडं वाचलं, थोडं त्या पोराला छळलं. जे कळलं ते सांगतो.

यंत्र चालू केल्यावर विंडोज यायच्या आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो, तो फर्मवेअर. ना धड हार्डवेअर, ना धड सॉफ्टवेअर. १९६७ साली अ‍ॅशर ओप्लर यांनी हा शब्द वापरात आणला. पीसीवरच्या या प्रोग्रामला बायोस म्हणू लागले.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. गंमत म्हणजे त्याच्या तांत्रिक पुस्तकात बायोसचा सगळा मजकूर छापलेला होता! विकत घ्या आणि वाचा. मात्र नक्कल केलीत तर कॉपीराइटचा कायदा आहे. मग कॉम्पॅकने आणि १९८४ मध्ये फिनिक्सने एक युक्ती केली. एका गटानं बायोस काय काय करतो एवढंच लिहून काढायचं, आणि मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटानं त्यावरून नवा बायोस लिहायचा. स्वस्त पीसी जगभर पसरले ते या वाटेनं.

त्या पहिल्या पीसीत सेटिंग म्हणजे बोर्डावरचे चिमुकले खटके होते. झाकण उघडा, पेनाच्या टोकानं खटका सरकवा, झालं. १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये सेटिंग बॅटरीवर जपलेल्या स्मृतीत गेलं. आणि त्याच यंत्राच्या दर्शनी भागावर एक खरंखुरं कुलूप होतं! फिरवलं की कीबोर्ड बंद. त्याची किल्ली मात्र यंत्राबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात मिळायची. हे वाचून मी बराच वेळ थांबलो.

मग कुलपाची किल्ली गेली कुठे?

न्यायानं सांगायचं तर कंपन्यांनाही कारणं होती. पुढे बायोस पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपवर आला. सोय झाली आणि धोकाही आला. १९९८ साली तैवानच्या एका विद्यार्थ्यानं सीआयएच नावाचा व्हायरस लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जगभर जागा झाला, आणि त्यानं कित्येक यंत्रांचा बायोसच पुसला. ती यंत्रं सुरूच होईनात. तेव्हापासून चिपवर कुणालाही लिहू देऊ नये हे शहाणपण रुजलं, आणि ते बरोबरच होतं.

माझ्या लॅपटॉपचं कुलूप त्याहून अलीकडचं. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की इंटेलच्या प्रोसेसरचा व्होल्टेज मुद्दाम फार कमी केला तर त्याची गणितं चुकतात, आणि त्या चुकांवरून एका खास सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात. प्लंडरव्होल्ट हे त्याचं नाव. उपाय म्हणून व्होल्टेजची सोयच बंद करणारे अपडेट आले. आता तो कप्पा माझ्यासारखा मास्तर कधी वापरतही नाही. पण कुलूप सरसकट लागलं. मला कुणी विचारलं नाही.

आणि सेटिंग काढून टाकलेलंही नाही बरं का! फर्मवेअर लिहिणाऱ्या मोजक्या कंपन्या शेकडो पर्याय घालून देतात. लॅपटॉप विकणारा त्यातल्या बहुतेकांवर 'दाखवू नये' अशी खूण करतो. कपाट आपल्या घरात, पण खण कुणाचे ते विचारू नका!

लिहिता लिहिता धरणाकडे लक्ष गेलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. १८९४ च्या कायद्यानं मोबदला घेऊन जमीन सोडा, असं त्यांना सांगितलं जात होतं. पाणी मुळशीचं, ते डोंगरातून भिऱ्याला उतरणार आणि वीज मुंबईला जाणार. घरदार बुडालेल्यांच्या दुःखाशी तापणाऱ्या लॅपटॉपची तुलना करण्याचं पाप मी करणार नाही. पण प्रश्न एकाच घराण्यातला वाटतो. त्यांना पैसे देऊन मालकी घेतली. आपण पैसे मोजूनही ती पुरती मिळत नाही.

आपल्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. उद्या कुणी मला विचारलंच, तर एवढंच सांगेन: कुलूप जरूर लावा, व्हायरस खरे आहेत. पण किल्ली खोक्यात घालून द्या, आणि उघडण्याचे धोके मराठीत लिहून द्या. पुढची जबाबदारी माझी.

पोरगा म्हणाला, "सर, चिपला चिमटा लावून आतला मजकूर वाचता येतो, बदलून परत लिहिता येतो. पण एक अक्षर चुकलं तर यंत्र गेलं. करू का?"

मी नको म्हटलं. आठवणींची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घेतली होती, पण दुसरा लॅपटॉप कुठून आणू?

मग त्यानं मागचं झाकण उघडलं. पंख्यात धुळीचा बोटभर थर! तो साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. आता यंत्र दोन-दोन तास चालतं. हे झाकण चार साध्या स्क्रूंचं होतं, म्हणून जमलं.

आतलं कुलूप अजून तसंच आहे. असो.